खुंटीवरची माळ

पनवेलमध्ये कुणाचे डोळे पिवळे दिसायला लागले की त्याला तीन सल्ले फुकट मिळतात. पहिला, तेल-तिखट बंद कर. दुसरा, उसाचा रस पी. तिसरा मात्र जरा आवाज खाली आणून दिला जातो: "डॉक्टरचं चालू दे, पण एकदा कमळीकडे जाऊन ये." हा तिसरा सल्ला देणाऱ्यांत बँकेतले साहेब आहेत, शाळेतल्या बाई आहेत आणि एक चांगला शिकलेला डॉक्टरही आहे. त्याचं नाव न घेतलेलं बरं.

ही कमळी करंजाड्याच्या इमारतींच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी कातकरवाडीत राहते. वय पन्नाशीच्या आसपास. आधार कार्डावर जी जन्मतारीख आहे ती कार्ड काढणाऱ्याने तिच्या तोंडाकडे बघून घातलेली, त्यामुळे त्या तारखेवर फार विसंबू नये. अर्धं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा शुक्रा भट्टीवर जायचे आणि पावसाळा तोंडावर आला की परतायचे. अंगाने काटकुळी, जिभेने फटकळ. कुणी साहेब चपला घालून अंगणात आला तर त्याला ती जागच्या जागी उभा करी. "कावील उतरवायला आलाव का जागा मोजायला?" म्हणे. साहेब मुकाट चपला काढी.

मंगळवारी आणि रविवारी तिच्या अंगणात दहा-पंधरा माणसं पिवळे डोळे घेऊन बसलेली असत. औषध दिसायला साधं. एका वेलीच्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि ते दोऱ्याच्या गाठींत अडकवून माळ करायची. माळ इतकी लहान की डोक्यावर जेमतेम बसे. रोग्याने ती काढायची नाही. दिवसागणिक माळ वाढत जाई, कपाळावरून गळ्यात येई, गळ्यातून छातीवर, आणि बेंबीखाली गेली की कावीळ उतरली. सासूकडून आलेली ही विद्या. वेल कुठली हे शुक्राशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ती डोंगरातून आणायचं काम त्याचं. बहुतेकांची कावीळ उतरे. मग लोक नारळ, लुगडं, एखादी कोंबडी घेऊन येत आणि "कमळाबाई, तुमच्या हाताला गुण आहे हो" म्हणत. कातकरणीला अहो-जाहो करणारी माणसं या जगात फार नाहीत. कमळीला ते नारळाच्या पाण्याहून गोड लागे, आणि त्यात तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र तिने पोटातच ठेवली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक रोगी माळ सांगून गेला तो पुन्हा आलाच नाही. तयार झालेली माळ कमळीने कुडाच्या खुंटीवर अडकवली आणि विसरून गेली. आठवड्याने बघते तर माळ हातभर लोंबत होती. काड्या वाळून बारीक झाल्या होत्या आणि गाठी सैल पडल्या होत्या. तिने शुक्राला हाक मारून दाखवली. शुक्राने गाठी चाचपून बघितल्या आणि तो म्हणाला, "घाल चुलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची." कमळीने ती चुलीत घातली. पण त्यानंतर कुणाच्याही डोक्यावर माळ ठेवताना तिची नजर एकदा त्या खुंटीकडे जाऊन येई.

हे सगळं आधी सांगावं लागलं ते तिच्या मुलीसाठी, रूपासाठी.

रूपा त्यांची एकुलती एक. तिला सातव्या वर्षी पहिल्यांदा कावीळ झाली. पोट धरून गडबडा लोळायची. कमळीने माळ घातली, दहा दिवसांत डोळे निवळले. बाराव्या वर्षी पुन्हा तेच. सतराव्या वर्षी पुन्हा, आणि त्या खेपेला उजव्या बरगडीखाली हाताला गोळा लागायचा. आठवड्याभरात तोही बसला. कमळीचा स्वतःच्या हातावर भरवसा बसला तो खरं तर रूपामुळेच. तीनदा आली, तीनदा उतरवली. खुंटीची आठवण डोकं वर काढायला लागली की ती रूपाचं हसरं तोंड डोळ्यांपुढे आणी आणि ती आठवण खाली दाबून टाकी.

यंदा मार्गशीर्षात चौथी खेप आली. रूपा आता तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा प्रदीप खारघरला बेलपाड्याजवळ इमारतीच्या कामावर होता, तिथेच पत्र्याच्या खोलीत दोघं राहत. त्याने तिला जवळच्या एका डॉक्टरकडे दाखवलं. टँकरच्या पाण्याने त्या भागात कावीळ आलेलीच होती, डॉक्टरने तीच धरली आणि आराम करायला सांगितलं. आराम करायचा तर आईकडे, म्हणून प्रदीप तिला वाडीवर सोडून गेला. कमळीने त्याच संध्याकाळी माळ घातली.

माळ गळ्यात आली. छातीवर आली. रूपाचे डोळे मात्र दिवसेंदिवस जास्तच पिवळे होत चालले. अंगाला खाज इतकी की दोन्ही दंडांवर नखांचे ओरखडे. लघवी चहासारखी आणि शौचाचा रंग पांढुरका, मातीसारखा. कमळी रोज सकाळी माळ बोटांनी मोजायची आणि मग पोरीच्या डोळ्यांत बघायची. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. शेजारणी येऊन बघून जात आणि काही न बोलता जात, ते तिला जास्त झोंबे. नवव्या दिवशी माळ बेंबीखाली गेली आणि त्याच दुपारी रूपाला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दातावर दात वाजत होते.

तेवढ्यात प्रदीप आला. त्याने बायकोच्या कपाळाला हात लावला आणि सासूकडे बघितलं.

"मामी, माळ खाली गेली ना?"

"गेली."

"मंग ही अशी का?"

प्रदीपने ती माळ रूपाच्या गळ्यातून काढली, खुंटीवर अडकवली आणि मिनीडोर रिक्षा बघायला रस्त्याकडे पळाला. दुसरं काही ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याने खुंटी धरली असेल, पण कमळीने तिकडे पाठ फिरवली.

पनवेल गावात एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथे रूपाला सलाईन लावलं आणि ढकलगाडीवरून सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. खोलीबाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसं नंबर लावून बसली होती. त्यातल्या दोघांनी कमळीला ओळखलं. एका म्हाताऱ्याने तर उठून हात जोडले. "कमळाबाई, तुम्ही इथं? कुणाला बघायला आलात?"

"हां," कमळी म्हणाली आणि आत सटकली. दार तिने लावलं, पण ते नीट लागलं नाही. त्याची कडी मोडकी होती.

आत सिस्टर होती फ्लोरा वाकरूळकर. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घरातली. भावंडं कधीच इस्रायलला गेली, ही आईसाठी राहिली, मग आई गेल्यावर सवयीने राहिली. शनिवारी ती काम करत नाही, त्याच्या बदल्यात बाकीच्या सिस्टरांच्या रविवारच्या ड्यूट्या बिनतक्रार करते. सोळा वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली तेव्हा तीही कमळीच्या अंगणात बसून आली होती. तिने कमळीला ओळखलं आणि तिच्या दंडावर नुसता हात ठेवला.

डॉक्टर तरुण होता. पडद्याकडे बघत त्याने विचारलं, "आधी कधी कावीळ झाली होती हिला?"

खोलीत मशीनच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. दाराच्या फटीतून बाकावरच्या म्हाताऱ्याचं धोतर दिसत होतं.

"नाय," कमळी म्हणाली. "पयल्यांदाच."

रूपाने मान वळवून आईकडे बघितलं. मग छताकडे बघत राहिली.

"असं आधी पोटात दुखायचं?"

"नाय."

डॉक्टरने मान हलवली आणि फ्लोराला सांगितलं, "पित्ताची नळी चांगलीच फुगली आहे. खाली खडा अडकलाय, त्याच्यामुळे फुगली असणार. मुंबईला पाठवू, दुर्बिणीतून खडा काढतील. चार दिवसांत घरी येईल." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "लहानपणापासून होत असतं तर गोष्ट वेगळी होती."

फ्लोराच्या हातातला कापूस तसाच राहिला. तिने कमळीला खुणेने मागच्या पॅसेजमध्ये नेलं.

"कमळाबाई, मी तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा माझ्या शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. डोक्यावर माळ. मी घाबरले होते तर तूच म्हणालीस, 'बाय, भितेस कशाला, माज्या पोरीचीपन उतरवतंय.' ती कोण?"

कमळी खोलीकडे वळली.

"तुला मुलगी एकच आहे," फ्लोरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने कमळीची वाट अडवली होती. "नीट ऐक. खडा असला तर खडा काढतील आणि विषय संपला. पण काही जणांची ती नळीच जन्मापासून पिशवीसारखी फुगलेली असते. तिच्यात पित्त साचतं, अडकतं, की कावीळ. अडकलेलं सुटलं की कावीळ गेली. पुन्हा साचतं, पुन्हा येते. अशी पिशवी असेल आणि यांनी नुसता खडा काढला, तर पिशवी आत राहील. आणि राहिली की पुढे तिच्यात कॅन्सर होऊ शकतो. प्रत्येकीला होतो असं नाही. पण वय वाढतं तसा धोका वाढतो. मी दोन बायका बघितल्यात, कमळाबाई. दोघींनाही लहानपणापासून कावीळ येऊन जायची. दोघीही इथे आल्या तेव्हा उशीर झाला होता."

"अडाकलेला सुटला की आपोआप जाते?" कमळीने विचारलं.

"आपोआप."

कमळीला पोरगी मरेल याची भीती तर होतीच, पण त्याच क्षणी तिला बाकावरचा तो म्हातारा दिसत होता, त्याचे जोडलेले हात दिसत होते, आणि आपल्याला आत्ताही त्याची पर्वा वाटते याची तिला इतकी लाज वाटली की तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरोखरच मारून घेतली. फ्लोराने तिचा हात धरला. कमळीने तो सोडवला आणि ती खोलीत परत गेली.

"डाक्टर," ती म्हणाली. आवाज हळू काढायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. "मी खोटा बोलले. हिला चार टायमाला झाली. सातव्या वर्साला, बाराव्या, सतराव्या, नि आता. दर टायमाला पोटात दुखायचा. मागच्या टायमाला हितं गोळा आला होता." तिने रूपाच्या बरगडीखाली बोट ठेवलं. "दर टायमाला मीच माळ घातली. ती माळेनं नाय उतरली. आपोआप उतरली."

डॉक्टरने खुर्ची वळवली. त्याने पुन्हा सगळं विचारलं, या वेळी लिहून घेत. बाहेरच्या बाकावर कुजबुज सुरू झाली होती. कमळी बाहेर आली तेव्हा म्हातारा खाली मान घालून बसला होता, त्याने हात जोडले नाहीत.

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आधी ताप आणि पू आवरण्यात तीन आठवडे गेले. अडलेलं पित्त बाहेर काढायला रूपाच्या कुशीतून एक बारीक नळी घातली. एमआरआय झाला आणि फ्लोराचा संशय खरा ठरला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर किशोरी बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी केस पेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं: हे यकृत, ही नळी, ही फुगलेली पिशवी. पिशवी मुळापासून काढायची, पित्ताशयही काढायचं, आणि आतड्याचा एक तुकडा वर नेऊन यकृताच्या नळीला जोडायचा, म्हणजे पित्ताला नवी वाट मिळते.

"पाइपाला फुगा आला तर तेवढा पाइप कापून नवा जोडतात, तसा?" शुक्राने विचारलं. भट्टीवर त्याने पाण्याचे पाइप खूप जोडले होते.

"तसाच. फक्त हा पाइप फार नाजूक आहे. आणि काढलेली पिशवी आम्ही तपासायला पाठवणार. तिच्यात कॅन्सर सुरू झाला आहे का, ते त्यातच कळेल."

सहा तास ऑपरेशन चाललं. शुक्रा आणि प्रदीप जिन्यात बसून होते, कमळी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. ऑपरेशन नीट झालं, रूपा शुद्धीवर आली, तिने पाणी मागितलं. सगळ्यांना वाटलं सुटलो. पण कमळीचा जीव त्या डबीत अडकला होता, जिच्यात घालून पिशवी तपासायला नेली होती. रिपोर्टला अकरा दिवस लागले. रोज सकाळी ती विचारायची, रोज "आला नाही" ऐकायची. डॉक्टर नेहमीसारख्या बोलल्या तर तिला वाटे काहीतरी लपवतायत, घाईत निघून गेल्या तर वाटे सांगायचा धीर होत नाही. पनवेलहून फ्लोरा एकदा येऊन गेली. "मी आमच्या एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलले आहे," ती म्हणाली. आपल्या जातीचं नाही, नात्याचं नाही, अशा माणसाने आपल्यासाठी नवस बोललेला कमळीने कधी बघितला नव्हता. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

नवव्या दिवशी रूपा खाटेवर उशीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "आये, त्या दिशी तू खोटा बोललीस ना, माला कळला होता."

"मंग तू का नाय बोललीस?"

"तुजा नाव जाईल म्हनून."

कमळीला वाटलं, या पोरीने आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आईचं नाव राहावं म्हणून पोरगी ती पिशवी पोटात घेऊन घरी यायला तयार होती.

अकराव्या दिवशी डॉक्टर किशोरींनी रिपोर्ट हातात धरून सगळ्यांना बोलावलं. पिशवीच्या आतल्या अस्तरात एका ठिकाणी पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर म्हणावा इतक्या नाहीत, त्याच्या एक पायरी अलीकडे. बिघडलेलं सगळं पिशवीबरोबर निघालं होतं आणि कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. दरवर्षी तपासणी मात्र आयुष्यभर करायची, ताप किंवा कावीळ आली तर त्याच दिवशी यायचं.

"अजून थोडी वर्षं गेली असती तर काय ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

प्रदीप एकदम हसायला लागला. शुक्राने डॉक्टरांच्या पायांना हात लावायला वाकून बघितलं, त्यांनी लावू दिला नाही. कमळी जागची हलली नाही.

"सातव्या वर्साला आणली असती तर?"

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली. सांगावं की नाही असा विचार केला असावा. "तर बहुतेक हे बिघडायला लागलंच नसतं. मधली दुखणीही टळली असती."

कमळीने मान हलवली. हे तिला ठाऊक होतं, पण कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं.

माघ संपता संपता रूपाला घेऊन ते वाडीवर परतले. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा? 'दिव्याखाली अंधार' पासून 'पोरीवर प्रयोग केला' पर्यंत सगळं पनवेलभर बोलून झालं होतं. तरी रविवारी अंगणात सात माणसं बसली होती. सवय अशी मोडत नाही. शुक्रा म्हणाला, "काय करायचा? वेल आनू?"

"एक काडी आन," कमळी म्हणाली. "एक माळ करतंय." ती माळ तिने खुंटीवर टांगली आणि लोकांना पुढच्या रविवारी यायला सांगितलं. पण तसं सोडलं नाही. पोटात दुखतंय का, खाज सुटते का, शौच पांढरं होतं का, कावीळ आधी कधी आली होती का, एवढं एकेकाला विचारलं. दोघांना त्याच दिवशी फ्लोराकडे धाडलं. बाकीच्यांनाही डॉक्टरकडे जाऊन या, म्हणाली.

पुढच्या रविवारी तेच लोक आले आणि आणखी काही आले. त्यांत करंजाड्याच्या इमारतीतली एक तरुण बाई होती, दिपिका नावाची. तिच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी. मुलीचे डोळे पिवळे होते आणि ती उजवी कूस दाबून धरून बसली होती.

"कमळाबाई, मागच्या वर्षी तुम्हीच उतरवली होती हिची," दिपिका म्हणाली. "तुमच्याबद्दल लोक काहीही बोलू देत. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पुन्हा घाला माळ."

दाराशी रूपा पोटावर ओढणी घेऊन बसली होती. कमळीने आधी तिच्याकडे बघितलं, मग त्या लहान मुलीकडे. सगळ्यांच्या देखत ती कुडापाशी गेली आणि तिने खुंटीवरची माळ दाखवली. आठ दिवसांत ती टोपीएवढी माळ दीड हात लांब झाली होती.

"ही बग," ती दिपिकाला म्हणाली. "कुनाच्याच डोक्यावर घातली नव्हती. ह्या खुंटीला कावील झालती का गं, बाय?"

एक जण उठला, चपला शोधून निघून गेला. मग आणखी दोघं गेले. जाताना एकाने काही पुटपुटलं ते कमळीने ऐकलं आणि ऐकून घेतलं. दिपिकाचे डोळे भरून आले होते, रागाने की भीतीने ते तिचं तिलाही कळत नसेल.

"मग आता मी काय करू?" ती म्हणाली.

कमळीने पदर खोचला आणि मुलीला कडेवर घेतलं.

"चल. आज रविवार हाय, फ्लोराबाय ड्यूटीवर हाय. मी येतंय संगं. तिथं इचारतील आदी कवा झाली होती, तर खरा सांग. नाय सांगितलास तर मी सांगीन."